दुसऱ्या यशाची मशागत

खेळाडूच्या पहिल्या यशाचे स्वागत करण्याची कला समाजाला चांगली अवगत असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एखादी मोठी स्पर्धा जिंकून परतली, की स्थानकावर हारतुरे येतात, शाळेच्या पटांगणात मांडव पडतो, मान्यवरांच्या हस्ते शाल-श्रीफळ दिले जाते आणि वृत्तपत्राच्या क्रीडापानावर छायाचित्र झळकते. त्यानंतर काही वर्षांनी तोच खेळाडू दुखापतीने किंवा अपयशाने खचतो, संघातून वगळला जातो, क्रमवारीत खाली घसरतो, तेव्हा मात्र त्याची विचारपूस करण्याची कोणतीही रीत समाजापाशी नसते. तो पुन्हा उभा राहिला तर हारतुरे पुन्हा येतात. न राहिला तर त्याचे नाव हळूहळू विस्मरणात जाते. पहिले यश आणि दुसरे यश यांच्यामध्ये जी वर्षे जातात, ती कोणाच्याच हिशेबात धरली जात नाहीत. वास्तविक खेळाडूचे भवितव्य ठरते ते नेमके याच वर्षांत.

या प्रश्नाचा विचार करण्यास श्रीरामपूर हे गाव एक चांगले निमित्त पुरविते. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे बाजारपेठेचे शहर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांतून खाली आले आणि पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या या पट्ट्यात ऊस उभा राहिला. त्या उसाबरोबर हे शहर वाढले. टेनिसची किंवा वेगवान गोलंदाजीची परंपरा सांगावी असे येथे काही नव्हते. तरीही अठरा वर्षांच्या अंतराने या एकाच गावी जन्मलेल्या दोन खेळाडूंनी देशाला मोठे विजय मिळवून दिले. क्रिकेटपटू झहीर खान याचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, टेनिसपटू ऋतुजा भोसले हिचा २७ मार्च १९९६ चा. दोघांचे खेळ वेगळे, परिस्थिती वेगळी, यशाचे मोजमापही वेगळे. पण दोघांच्याही कारकिर्दीत लवकर दिसलेल्या चमकेनंतर एक लांबलेला कसोटीचा काळ आहे आणि त्या काळापलीकडे मिळविलेले यश आहे. हे दुसरे यश कोणत्या जमिनीत रुजले, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

हांगझोऊची लढत

कोविडच्या साथीमुळे वर्षभर लांबलेल्या आशियाई क्रीडास्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चीनमधील हांगझोऊ येथे भरल्या. टेनिसमधील भारताची वाटचाल तेथे फारशी उत्साहवर्धक नव्हती. रोहन बोपण्णा हा त्रेचाळीस वर्षांचा अनुभवी खेळाडू पुरुष दुहेरीत युकी भांबरीबरोबर अग्रमानांकित असूनही पदकाच्या बऱ्याच अलीकडे बाद झाला होता. ऋतुजालाही महिलांच्या एकेरीत व दुहेरीत पदकापर्यंत पोचता आले नव्हते. उरली होती ती या दोघांची मिश्र दुहेरी.

३० सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ या जोडीने पहिला सेट ६-२ असा घेतला. दुसरा सेट बोपण्णा-भोसले यांनी ६-३ असा जिंकला आणि निर्णायक टायब्रेकमध्ये १०-४ अशी बाजी मारून सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धांतील मिश्र दुहेरीचे भारताचे हे तिसरे सुवर्ण. याआधी २००६ मध्ये दोहा येथे लिअँडर पेस व सानिया मिर्झा यांनी आणि २०१४ मध्ये इंचिऑन येथे साकेत मायनेनी व सानिया मिर्झा यांनी ते जिंकले होते. म्हणजे सानियाखेरीज अन्य भारतीय महिलेने हे सुवर्ण मिळविण्याची ही पहिलीच वेळ.

बोपण्णासारखा जोडीदार लाभल्यावर विजयाचे श्रेय ऋतुजाला कितपत द्यावे, अशी शंका काहींच्या मनात येईल. त्याच महिन्यात बोपण्णा अमेरिकन खुल्या स्पर्धेत पुरुष दुहेरीची अंतिम फेरी खेळला होता, हे खरेच. तथापि मिश्र दुहेरीचा सामना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असते, की अशा सामन्यात प्रतिपक्षाचा सारा मारा तुलनेने कमी अनुभवी खेळाडूवरच केंद्रित होतो. पहिला सेट गमावल्यावर तो मारा सोसून उभे राहणे, सर्व्हिस परतविणे आणि जाळ्याजवळचे फटके न डगमगता मारणे हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये एका खेळाडूला लपवून दुसऱ्याने सामना जिंकावा, अशी सोय टेनिसमध्ये नाही.

मधली वर्षे

त्या पदकापर्यंतचा प्रवास अकरा-बारा वर्षांचा होता. कनिष्ठ गटात ऋतुजाचे नाव लवकर पुढे आले. जागतिक कनिष्ठ क्रमवारीत ती पहिल्या शंभरांत पोचली आणि विशी गाठण्यापूर्वीच फेडरेशन चषकाच्या भारतीय संघात तिची निवड झाली. सानिया मिर्झानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा तो काळ होता, आणि ज्या मुलींकडे आशेने पाहिले जात होते त्यांत ती होती.

कनिष्ठ गटातील हे यश प्रौढ टेनिसमध्ये आपोआप वठत नाही, हे जगभरचे सत्य आहे. या खेळाची रचनाच कठोर आहे. जागतिक क्रमवारीचे गुण बावन्न आठवडे टिकतात. नंतर ते गळून पडतात. गेल्या वर्षी ज्या आठवड्यात गुण मिळविले, त्या आठवड्यात यंदा तेवढेच गुण मिळविले नाहीत तर क्रमांक घसरतो. मनगट किंवा गुडघा दुखावून चार महिने घरी बसावे लागले, तर गतवर्षीची कमाई डोळ्यांदेखत आटते. क्रमांक घसरला की मोठ्या स्पर्धांचे दार बंद होते आणि पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवरून, पंधरा हजार डॉलर एकूण बक्षीस असलेल्या स्पर्धांतून, चढाई सुरू करावी लागते. अशा स्पर्धेत एकेरी जिंकणाऱ्या मुलीच्या हाती साधारण दोन-अडीच हजार डॉलर पडतात आणि पहिल्याच फेरीत हरणारीच्या हाती परतीचे भाडेही पडत नाही. विमानप्रवास, निवास, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, फिजिओथेरपी हा सारा खर्च खेळाडूचा. क्रिकेटमध्ये संघ असतो, मंडळ असते, सामन्याचे मानधन असते. टेनिसपटू हा एकट्यानेच कारखाना चालविणाऱ्या लघुउद्योजकासारखा असतो. फरक इतकाच, की त्याला बँक कर्ज देत नाही.

या अवघड वळणावर ऋतुजाने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा मार्ग धरला आणि तेथील महिला संघातून ती खेळली. व्यावसायिक स्पर्धांच्या ऐन उमेदीच्या वर्षांत महाविद्यालयात जाणे म्हणजे टेनिसवर पाणी सोडणे, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ होती. ती समजूत अनुभवाने खोटी ठरली आहे. सोमदेव देववर्मन हा व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळत २००७ व २००८ मध्ये अमेरिकन आंतरविद्यापीठीय एकेरीचा विजेता झाला आणि २०१० च्या ग्वांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचे सुवर्ण जिंकले. जॉन इस्नर, केव्हिन अँडरसन, डॅनिएल कॉलिन्स हे पुढे जगात गाजलेले खेळाडूही विद्यापीठांतूनच आले. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण, निवास, आहार, प्रशिक्षण आणि प्रवास यांची काळजी विद्यापीठ वाहते. त्याला आठवड्याला अनेक सामने मिळतात, दुखापत झाल्यास उपचार मिळतात आणि एखादा सामना हरल्याने घरचे कर्ज वाढत नाही. चार वर्षांनी हातात पदवी असते. थोडक्यात, खेळाडूच्या आयुष्यातील सर्वांत असुरक्षित वर्षांना तेथे एक छप्पर मिळते.

पदवीनंतर ऋतुजा पुन्हा व्यावसायिक स्पर्धांकडे वळली. ही चढाई सोपी नव्हती. महिला एकेरीत पहिल्या शंभरांत शिरणारी सानिया मिर्झा ही आजवरची एकमेव भारतीय, यावरून त्या शिखराच्या उंचीची कल्पना येईल. त्या शंभरांत ऋतुजा कधीच नव्हती. पण मार्च २०२० मध्ये दुबई येथे ज्या भारतीय संघाने फेडरेशन चषकाच्या जागतिक प्लेऑफमध्ये देशाला प्रथमच प्रवेश मिळवून दिला, त्या संघात एकेरीच्या लढती खेळणाऱ्यांत ती होती. त्यानंतर साडेतीन वर्षांनी हांगझोऊ आले. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. कनिष्ठ गटातील तिच्या यशाच्या बातम्या छापून येत होत्या त्याला दशक उलटून गेले होते. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे: आशियाई स्पर्धेतील विजयाने जागतिक क्रमवारीत एकही गुण मिळत नाही. सुवर्णपदक घेऊन परतलेल्या खेळाडूलाही पुढच्या आठवड्यात त्याच छोट्या स्पर्धांत, त्याच पात्रता फेऱ्यांत उतरावे लागते. टेनिसमध्ये पुनरागमन हा एक क्षण नसतो, ती रोजची मजुरी असते.

वूस्टरचा उन्हाळा

झहीर खानची कथा अधिक परिचित आहे. अभियांत्रिकीचा विचार बाजूला ठेवून श्रीरामपूरचा हा मुलगा मुंबईस आला. माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये त्याला संधी मिळाली, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याच्या गोलंदाजीला आकार आला आणि रणजी स्पर्धेसाठी बडोद्याने त्याला जागा दिली. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबी येथील नॉकआउट स्पर्धेत त्याने पदार्पण केले आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा त्रिफळा ज्या यॉर्करने उडविला, त्या एका चेंडूने देशाला नवा डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाल्याची ग्वाही दिली. त्याच मोसमात रणजी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात ४३ धावांत ५ बळी घेऊन त्याने बडोद्याच्या विजेतेपदाला हातभार लावला. २००३ च्या विश्वचषकात त्याने १८ बळी घेतले. वय चोवीस.

मात्र त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या आणि एकंदर ७ षटकांत ६७ धावा देऊन त्याला एकही बळी मिळाला नाही. त्याच वर्षाअखेर ब्रिस्बेन कसोटीत त्याने ५ बळी घेतले, पण मांडीचा स्नायू दुखावला. पुढील दोन वर्षे दुखापती, घसरलेली तंदुरुस्ती आणि संघातील अस्थिर स्थान यांतच गेली. इरफान पठाण, मुनाफ पटेल, श्रीशांत, रुद्र प्रताप सिंग अशी नवी नावे पुढे आली. २००५ च्या अखेरीस क्रिकेट मंडळाच्या कराराच्या यादीत तो ‘ब’ श्रेणीतून ‘क’ श्रेणीत उतरला आणि २००६ च्या प्रारंभी संघाबाहेर गेला. सत्तावीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची कारकीर्द संपली, असे अनेकांनी तेव्हा गृहीत धरले असल्यास नवल नाही.

त्या वर्षीचा उन्हाळा झहीरने इंग्लंडमध्ये वूस्टरशर कौंटीकडून खेळण्यात घालविला. तेथे मोसमभर त्याने प्रथम श्रेणीचे सामने खेळून ७८ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात १० बळी आणि एसेक्सविरुद्ध एका डावात १३८ धावांत ९ बळी ही त्यातील ठळक कामगिरी. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचे होते ते त्या मोसमाने दिलेले सातत्य. आठवड्यामागून आठवडा, सामन्यामागून सामना, दिवसाला वीस-वीस षटके टाकताना शरीर कसे राखावे, धाव कुठे आखूड करावी, जुना चेंडू कसा बोलता करावा, हे तेथे शिकता आले. भारतीय संघात राहून हे शिक्षण मिळणे अवघड होते. कारण तेथे प्रत्येक सामना ही परीक्षाच असते आणि परीक्षा देता देता अभ्यास करता येत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्ग येथे भारताने दक्षिण आफ्रिकेतील आपला पहिला कसोटी विजय मिळविला, त्या संघात झहीर परतलेला होता. जुलै २००७ च्या ट्रेंट ब्रिज कसोटीत त्याने ५९ धावांत ४ व ७५ धावांत ५ असे ९ बळी घेतले आणि त्या विजयाच्या बळावर भारताने १९८६ नंतर प्रथमच इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. तो फलंदाजी करीत असताना कोणी इंग्लिश खेळाडूने खेळपट्टीवर टाकलेल्या जेली बीन गोळ्यांची गोष्ट त्या सामन्याबरोबर जोडली गेली. परंतु त्या ९ बळींमागे रागापेक्षा वूस्टरचा एक अख्खा उन्हाळा होता, हे विसरता कामा नये.

आणि मग २ एप्रिल २०११. वानखेडे मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना. त्याच गोलंदाजाने आपल्या पहिल्या ५ षटकांत ३ निर्धाव टाकून केवळ ६ धावा दिल्या आणि १ बळी मिळविला. पुढे त्याच्या षटकांत धावा गेल्या, हेही खरे; पण आठ वर्षांपूर्वीच्या त्या १५ धावांच्या षटकाशेजारी हा प्रारंभ ठेवून पाहिला म्हणजे मधल्या वर्षांनी काय घडविले हे वेगळे सांगावे लागत नाही. २१ बळींसह शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने तो त्या स्पर्धेतील सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. २०१५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा ९२ कसोटींत ३११ बळी त्याच्या नावावर होते.

दोन यशांतील भेद

पहिले आणि दुसरे यश यांत केवळ काळाचे अंतर नसते, त्यांची जातच निराळी असते. पहिल्या यशात खेळाडूचा वाटा मोठा असला तरी त्यात इतरांचीही गुंतवणूक असते. आईवडिलांची स्वप्ने, प्रशिक्षकाची शिस्त, वयाचा जोम आणि प्रतिस्पर्ध्यांचे अज्ञान ही सारी त्याला साह्य करतात. पराभव म्हणजे काय, हे त्या वयात ठाऊक नसते. म्हणून भीतीही नसते. दुसऱ्या यशाच्या वेळी यांतले फारसे काही शिल्लक राहिलेले नसते. वय पुढे गेलेले, शरीर दुखावलेले, प्रतिस्पर्ध्यांना आपले गुणदोष ठाऊक झालेले आणि पराभवाची चव जिभेवर बसलेली. अशा स्थितीत खेळाडू पुन्हा उतरतो तो स्वतःच्या निर्णयाने. खेळ आपणास हवा आहे की नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला प्रथमच विचारलेला असतो.

टेनिसच्या इतिहासात याची ठळक उदाहरणे आहेत. जेनिफर कॅप्रिआती ही अमेरिकन मुलगी वयाच्या चौदाव्या वर्षी, १९९० मध्ये, फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये स्टेफी ग्राफला हरवून सुवर्णपदक घेऊन गेली. त्यानंतर थोड्याच काळात ती खेळातून बाहेर पडली. लवकर आलेल्या यशाचे ओझे कोवळ्या खांद्यांना कसे पेलत नाही, याचा दाखला म्हणून तिचे नाव सांगितले जाऊ लागले. पण २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन व फ्रेंच या दोन्ही स्पर्धा जिंकून ती त्याच वर्षी जगात पहिल्या क्रमांकावर आली. आंद्रे आगासी हा १९९२ चा विम्बल्डन विजेता नोव्हेंबर १९९७ मध्ये १४१ व्या क्रमांकापर्यंत घसरला. एकेकाळी पहिल्या क्रमांकावर बसलेला हा खेळाडू दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धांत खेळायला उतरला आणि १९९९ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकून पुन्हा अव्वल स्थानी पोचला. मोठ्या नावाला खालच्या पायरीवर उभे राहण्याची लाज वाटली नाही, हेच त्याच्या दुसऱ्या यशाचे मर्म.

तथापि ही उदाहरणे देताना एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. परत आलेल्यांच्या कथा सांगितल्या जातात. न आलेल्यांच्या सांगितल्या जात नाहीत. जिद्द असली की सारे साधते, असा सोपा उपदेश त्यातून निघतो आणि जे परतू शकले नाहीत त्यांच्यात जिद्द नव्हती, असा अन्यायकारक निष्कर्ष त्यामागोमाग येतो. वस्तुतः आगासीपाशी साधने होती. झहीरपाशी त्याच्या पडत्या काळातही मंडळाचा करार होता आणि कौंटीचे दार उघडे होते. ऋतुजाला विद्यापीठाचा आश्रय मिळाला. जिद्द ही अटळ अट खरी, पण ती एकटी पुरेशी नाही. जिद्दीला पाय टेकायला जमीन लागते.

खोडव्याचा धडा

ही जमीन कोठे मिळाली, याकडे पाहिले म्हणजे मन अस्वस्थ होते. श्रीरामपूरच्या एका खेळाडूला ती इंग्लंडच्या एका कौंटीत मिळाली आणि दुसरीला अमेरिकेच्या एका विद्यापीठात. पहिल्या यशापर्यंत नेणाऱ्या व्यवस्था, कमीअधिक का होईना, या देशात होत्या. पडझडीनंतर सावरणारी व्यवस्था मात्र दोघांनाही देशाबाहेर सापडली. जे दोघे तेथपर्यंत पोचू शकले त्यांची नावे आज घेतली जातात. ज्यांना पोचता आले नाही असे किती असतील, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

हा विरोधाभास नगर जिल्ह्याच्या संदर्भात अधिकच जाणवतो. कारण पडत्या काळात माणसाला सावरायचे कसे, हे या जिल्ह्याने साऱ्या देशाला शिकविले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी लोणीस १९५० मध्ये जो सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागील विचार काय होता? एकट्या शेतकऱ्याला व्यापारी, सावकार आणि हंगाम यांच्या तोंडी सोडायचे नाही, हाच. सहकारात एक हंगाम बुडाला म्हणून सभासदत्व जात नाही. दुष्काळ पडला तर पीककर्जाचे पुनर्गठन होते, हप्ते पुढे ढकलले जातात, पुढच्या लागणीसाठी पुन्हा कर्ज मिळते. शेतकऱ्याचे एक वर्ष वाईट गेले तर त्याचे सारे आयुष्य वाईट जाऊ नये, ही त्यामागची माणुसकी आणि शहाणपणही. खेळाडूच्या बाबतीत हेच शहाणपण कोठे जाते?

ऊस पिकविणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. लागणीचा ऊस तोडून नेल्यावर शेतात बुडखे उरतात. जमिनीखालच्या डोळ्यांतून पुन्हा कोंब फुटतात आणि त्यातून दुसरे पीक उभे राहते. त्याला खोडवा म्हणतात. बेण्याचा खर्च नाही, नांगरटीचा खर्च नाही, मुळे आधीच खोल गेलेली. तरीही बहुतेक शेतांत खोडव्याचा उतारा लागणीपेक्षा कमी पडतो. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे, की दोष खोडव्याचा नसून त्याच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा आहे. पाचट जाळू नका, बुडखे जमिनीलगत छाटा, नांगे भरा, खत मुळाशी पहारीने द्या, पाणी वेळेवर द्या; मग खोडवा लागणीची बरोबरी करतो. पण लागणीच्या वेळी जो उत्साह असतो तो तोडणीनंतर राहत नाही. आलेच आहे तर येऊ दे, एवढ्यावर शेतकरी सोडून देतो.

खेळाडूंचे नेमके असेच होते. पहिल्या यशाच्या वेळी जी शक्ती, जो पैसा, जे लक्ष लागलेले असते, ते तोडणीबरोबर निघून जाते. खाली मुळे शाबूत असतात. दहा-बारा वर्षांचे प्रशिक्षण, स्पर्धेचा अनुभव आणि पराभवातून आलेली समज ही सारी गुंतवणूक जमिनीखाली पडून असते. तिच्यावर थोडी मशागत केली तर दुसरे पीक कमी खर्चात येण्याजोगे असते. ती मशागत करण्याऐवजी नवे बेणे शोधण्यातच क्रीडासंघटना आणि शासन धन्यता मानतात.

काय करता येईल

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की सार्वजनिक पैसा मर्यादित आहे. जे हरत आहेत त्यांच्यावर तो का खर्चावा? आक्षेप अगदीच गैरलागू नाही. प्रत्येक घसरलेल्या खेळाडूला आयुष्यभर पोसणे कोणत्याही शासनाला शक्य नाही आणि ते इष्टही नाही. परंतु आजची पद्धत पाहिली तर बहुतेक साह्य पदकाच्या मागे धावते. पदक मिळाले की रोख पारितोषिक जाहीर होते. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याचे दारही कामगिरीच्या प्रमाणपत्राने उघडते. पारितोषिक हा झालेल्या श्रमांचा सन्मान आहे आणि तो व्हावा. पण त्याने पुढचे श्रम शक्य होत नाहीत. ज्या दिवशी खेळाडूला पैशांची खरी निकड होती तो दिवस पदकाच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो.

यातून मार्ग काढण्यासाठी फार मोठ्या योजनांची आवश्यकता आहे असे नाही. कनिष्ठ गटात राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या मुलामुलींना प्रौढ गटात गेल्यावर निदान तीन वर्षे, त्या काळातील हारजितीचा हिशेब न मांडता, शिष्यवृत्ती चालू ठेवता येईल. दुखापतीच्या काळात ती खंडित होणार नाही, अशी तरतूद करता येईल. कारण साह्य लागते ते नेमके त्याच काळात. जागतिक टेनिससुद्धा दीर्घकाळ जायबंदी असलेल्या खेळाडूचा क्रमांक विशेष नियमाने काही काळ राखून ठेवते. मग शिष्यवृत्ती राखून ठेवण्यास अडचण कोणती? जिल्ह्याच्या ठिकाणी शारीरिक उपचार आणि पुनर्वसनाची सोय असलेले एखादे केंद्र उभारता येईल. लोणीसारख्या गावी सहकारातून वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली आहेत, तेथे हे काही अशक्य कोटीतील काम नव्हे.

सर्वांत महत्त्वाचा भाग महाविद्यालयांचा. अमेरिकन विद्यापीठ जे करते त्याचा दहावा हिस्सा जरी येथल्या विद्यापीठांनी केला, परीक्षांच्या तारखा स्पर्धांशी जुळवून दिल्या, हजेरीच्या नियमांत समंजसपणा दाखविला आणि आंतरविद्यापीठीय स्पर्धा वर्षातून एकदा उरकण्याऐवजी मोसमभर चालविल्या, तर अठरा ते बावीस या वयातील खेळाडूला खेळ की शिक्षण ही क्रूर निवड करावी लागणार नाही. हातात पदवी असलेला खेळाडू अधिक निर्भयपणे खेळतो; हरल्यास रस्त्यावर येण्याचे भय त्याच्या पाठीशी नसते. साखर कारखान्यांनी चालविलेल्या शिक्षणसंस्थांचे जाळे या जिल्ह्यात दाट आहे. एखाद्या कारखान्याने आपल्या परिसरातील चार-सहा खेळाडूंना पाच वर्षांसाठी सभासदासारखे सांभाळायचे ठरविले, तर त्याच्या ताळेबंदावर त्याचा ओरखडाही उमटणार नाही.

अर्थात एवढे करूनही प्रत्येक खेळाडू परतेलच असे नाही. काहींच्या वाट्याला दुसरे यश येणार नाही आणि त्यांनी ते आणलेच पाहिजे असा हट्ट धरण्याचा अधिकारही कोणाला नाही. सन्मानाने थांबणे हीसुद्धा एक निवड आहे, आणि ती निवड कर्जबाजारी न होता करता यावी, एवढीच अपेक्षा. परंतु ज्यांना पुन्हा उतरायचे आहे त्यांना उतरण्यासाठी सातासमुद्रापार आश्रय शोधावा लागू नये. हांगझोऊच्या सुवर्णाचा आणि वानखेडेवरील त्या पाच षटकांचा अभिमान श्रीरामपूरला जरूर असावा. त्या अभिमानाबरोबर एक कर्तव्यही येते. आज या तालुक्यात एखादी मुलगी दुखरे मनगट घेऊन घरी बसली असेल आणि खेळ सोडावा की काय, असा विचार करीत असेल. तिचे नाव कोणत्याही सत्काराच्या यादीत नाही. तिची विचारपूस करण्यास ती जिंकेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.